करिष्ये, करीन, करणार

कुशावर्ताच्या काठी सकाळी एकच क्रियापद चहूबाजूंनी कानावर येतं. ओल्या धोतरातला यजमान पाटावर बसलेला, उजव्या तळहातावर पळीभर पाणी आणि चार अक्षता. गुरुजी भराभर पत्ता सांगत असतात : द्वीप, खंड, गोदावरीचं तीर, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, मग गोत्र आणि नाव, मग हे सगळं कशासाठी चाललंय ते. वाक्य इतकं लांबतं की मुंबईहून किंवा सुरतेहून आलेल्या माणसाचं लक्ष मधेच दर्शनाच्या रांगेकडे जाऊन परत येतं. क्रियापद अगदी शेवटी येतं. "म्हणा, करिष्ये." यजमान म्हणतो, "करिष्ये." "उदक सोडा."

नारायण-नागबळी असो, त्रिपिंडी श्राद्ध असो की साधा रुद्राभिषेक, त्र्यंबकेश्वरात काहीही करायचं तर आधी 'करीन' असं कबूल करावं लागतं. तेही संस्कृतात, भविष्यकाळात, प्रथमपुरुषी एकवचनात. त्यातही एक बारकावा आहे. फळ आपल्याला मिळावं म्हणून करणारा 'करिष्ये' म्हणतो. तेच कर्म दुसऱ्यासाठी करणारा 'करिष्यामि' म्हणतो. दक्षिणा देणाऱ्याचा प्रत्यय वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा, इतका हिशेब त्या एका रूपात आहे.

विधींचं फळ मिळतं की नाही, हा या लेखाचा विषय नाही. माग काढायचा आहे तो या काळाचा. 'ष्य'चा हा भविष्यकाळ मराठी बोलण्यातून हजारेक वर्षांपूर्वीच गेला. त्याची जागा 'करीन'ने घेतली आणि आता तीच जागा हळूहळू 'करणार'कडे चालली आहे. तिन्ही रूपं त्र्यंबकात आजही एकाच दिवशी ऐकू येतात : कुंडाच्या काठी 'करिष्ये', नवस बोलताना 'करीन', आणि रस्त्याचं काम कधी होणार या चौकशीत 'णार'. गंमत अशी की आठ हजार किलोमीटरांवरची स्पॅनिश भाषाही नेमक्या याच वळणांनी गेलेली आहे. ती जवळ ठेवून पाहिली तर आपली वाट जास्त स्पष्ट दिसते.

त्र्यंबकहून नाशिकला आलं की शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगर लागतो. लोकांच्या तोंडी पांडवलेणी. तिथल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख कोरलेले आहेत. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई, दीनिकाचा मुलगा. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. आपण काय काय दान केलं याची लांबलचक यादी त्याने दिली आहे, आणि दानाची यादी म्हटल्यावर ती भूतकाळातच असणार : दिलं, बांधलं, लावलं. पण एका ठिकाणी त्याला भविष्यकाळ वापरावा लागला आहे. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून 4000 कार्षापणांना एक शेत विकत घेतलं, आणि त्यातून माझ्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षुसंघाचा 'मुखाहारो भविसति', म्हणजे पोटाची सोय होईल, असं तो लिहितो. 'भविष्यति'मधला 'ष्य' इथे 'स' होऊन बसला आहे, पण ओळखू येतो.

त्याच लेण्यात 42व्या वर्षाचा दुसरा लेख आहे. या लेण्यात जे भिक्षू राहतील त्यांच्या चीवरासाठी आणि इतर खर्चासाठी उषवदाताने 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, केली. रक्कम ठेवली ती गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे : 2000 कार्षापण महिना शेकडा 1 दराने आणि 1000 कार्षापण शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज खायचं. 'परत करायचं नाही' यासाठी लेखात 'अपडिदातवा' असा शब्द आहे. संस्कृत 'दातव्य'मधला 'तव्य' तो हाच.

म्हणजे 1900 वर्षांपूर्वी नाशिकच्या दगडावर पुढच्या काळाबद्दल बोलण्याची दोन साधनं शेजारी शेजारी होती. एक 'ष्य'चं, पुढे काय घडेल ते सांगणारं. दुसरं 'तव्य'चं, पुढे काय करायला हवं ते सांगणारं. पुढे भारतीय भाषांनी यांची वाटणी करून घेतली. बंगालीने 'तव्य'लाच भविष्यकाळ करून टाकलं. बंगाली माणूस 'करबो' म्हणतो तेव्हा त्यातला 'ब' हा त्या 'तव्य'चा उरलेला 'व' असतो. मराठीने तेच साधन कर्तव्यापुरतं ठेवलं. आपलं 'करावे', 'द्यावे' हे 'कर्तव्य', 'दातव्य' यांचेच वंशज. बंगाली माणसाला जे घडणार असं वाटतं, ते मराठी माणसाला करायला हवं असं वाटतं, असा कोणी निष्कर्ष काढू नये. प्रत्ययांवरून स्वभाव सांगणं हा ज्योतिषाचाच प्रकार झाला.

'ष्य'चं पुढे काय झालं? प्राकृतात त्याचा आधी 'स्स' झाला आणि महाराष्ट्री प्राकृतात तो आणखी झिजून 'ह' झाला. 'मी करीन' यासाठी प्राकृत वैयाकरण 'काहं' असं रूप देतात, 'देईन' यासाठी 'दाहं'. ब्रज आणि अवधीत तो 'ह' टिकला. 'करिहै' हे रूप आपण भजनांतून ऐकतो. गुजरातीने तर 'स'च जपला. त्र्यंबक तालुक्यातून हरसूल-पेठच्या बाजूने पश्चिमेला निघालं की गुजरातची हद्द फार लांब नाही, आणि तिथे माणसं रोजच्या बोलण्यात 'हुं करीश', 'ते करशे' म्हणतात. सुरत-वलसाडचा यजमान कुशावर्तावर 'करिष्ये' म्हणतो तेव्हा त्याच्या घरच्या 'करीश'चा तो थेट पूर्वज असतो. शेजारी बसलेल्या मराठी यजमानाचा मात्र त्या रूपाशी फक्त विधीपुरता संबंध उरलेला आहे.

मराठीत तो 'ह' का टिकला नाही? माझा कयास असा : 'ह' पुसट झाला तेव्हा 'करील' या अर्थाचं रूप आणि 'करतो' या अर्थाचं रूप कानाला जवळजवळ सारखंच लागू लागलं. दोन्हींची झीज होऊन 'करी'सारखंच काहीतरी उरणार. आज आणि उद्या यांत फरक करता येईना, तेव्हा भाषेला नवी सोय करणं भाग पडलं.

या कयासाला बळ मिळतं ते लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'तो प्रेम करील' हे 'आमाबित' आणि 'त्याने प्रेम केलं' हे 'आमावित'. उत्तर काळात दोन स्वरांमधल्या 'ब'चा उच्चार 'व'कडे झुकला आणि दोन्ही रूपं एक झाली. प्रेम केलं की करील, हेच कळेना. लोकांनी जुनं रूप सोडलं आणि वळसा घेतला : 'कांतारे हाबेओ', म्हणजे 'मला गायचं आहे'. मराठी माणसाला हा वळसा समजावून सांगावा लागत नाही. 'मला उद्या त्र्यंबकला जायचं आहे' यात कर्तव्य किती, बेत किती आणि भविष्य किती, हे आपल्यालाही वेगळं काढता येत नाही.

हा वळसा एका शब्दात मिटला, त्याची सर्वांत जुनी नोंद फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सातव्या शतकातल्या बखरीत सापडते. बादशाह जस्टिनियनने पराभूत इराणी राजाला प्रांत परत मागितले. राजा म्हणाला, 'नोन दाबो', देणार नाही. जस्टिनियन म्हणाला, 'दारास', देशील. त्या जागी नगर वसलं त्याचं नाव दारास. इतिहास म्हणून ही कथा खोटीच आहे. दारा नगर जस्टिनियनच्या आधी, अनास्तासियसच्या काळात वसलेलं. पण कथा खोटी असली तरी त्यातला शब्द खरा आहे. राजाचं 'दाबो' हे जुनं लॅटिन भविष्य आणि बादशाहाचं 'दारास' हे नवं, 'दारे' आणि 'हाबेस' जोडून झालेलं. स्थलनामांच्या कथांना भाषेच्या अभ्यासकाने हसू नये ते यासाठी; गौतमऋषींनी कुश फिरवून गंगा अडवली म्हणून कुशावर्त, असं सांगणाऱ्या गावात तर नाहीच नाही.

आजच्या स्पॅनिशमध्ये हा सांधा डोळ्यांना दिसतो. 'बोलणे' म्हणजे 'आब्लार'. त्याचा भविष्यकाळ : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. यातलं मूळ 'आब्लार' काढून घेतलं की शेपटं उरतात ती 'असणे-बाळगणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या वर्तमानकाळाची : ए, आस, आ, एमोस, आन. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलांना हा काळ सोपा जातो तो यामुळेच. 'आर', 'एर', 'इर' असे क्रियापदांचे तीन वर्ग, पण भविष्यकाळात तिघांनाही तेच प्रत्यय, आणि धातूचं मूळ रूप शाबूत : कोमेर-कोमेरे, बिबिर-बिबिरे. वेडीवाकडी रूपं जेमतेम डझनभर. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये हा जोड अजून सैल होता. 'तुला देईन' म्हणताना 'तुला' हा शब्द धातू आणि प्रत्यय यांच्या मधे बसवता यायचा. पोर्तुगीजच्या ग्रांथिक भाषेत ती रीत अजून टिकून आहे. अंतोनियो दे नेब्रिखाने 1492 मध्ये सालामांकात स्पॅनिशचं पहिलं व्याकरण छापलं, तेव्हाही त्याला हे दिसलं होतं. भविष्यकाळ आमच्याकडे वळसा घेऊन बोलतात, अशी त्याची नोंद आहे.

आता आपला वळसा.

नेब्रिखाच्या 200 वर्षं आधी, 1290 मध्ये, नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. ज्यांच्या आज्ञेने झाली त्या निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरात, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आहे. 1297 मध्ये त्यांनी इथे देह ठेवला. पौष वद्य एकादशीला दिंड्या येतात, आणि कीर्तनाच्या शेवटी पसायदान होतं. त्यात 'वांछील' हे रूप आहे : 'वांछी' अधिक 'ल'. तेराव्या शतकातल्या मराठीचा भविष्यकाळ असा दोन तुकड्यांत दिसतो. 'करी' म्हणजे करतो. 'करील' म्हणजे पुढे करील. जुन्या वर्तमानकाळाला एक 'ल' चिकटवला की काम झालं.

सबंध रूपावळी अशीच उभी आहे. तू करिसी, त्याचं करशील. तो करी, त्याचं करील. तुम्ही करा, त्याचं कराल. ते करिती, त्याचं करतील. स्पॅनिशइतकीच सरळ. अडतं ते फक्त प्रथमपुरुषापाशी. 'मी करीं' यावर 'ल' यायला हवा होता, आला 'न'. जुन्या रूपात शेवटी अनुस्वार होता, त्या नाकातल्या उच्चाराने 'ल'ला 'न' केलं असावं असं मानलं जातं. आणि 'आम्ही करू' याला तर 'ल'ही नाही आणि 'न'ही नाही. तो जुना वर्तमानकाळ जसाच्या तसा राहिला. म्हणून 'उद्या करू' हा बेत आहे, वचन आहे, की चालढकल आहे, हे मराठीत फक्त बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. चौकशीच्या खिडकीवर 'करू' ऐकलेल्या माणसाला याचा पूर्ण अनुभव असतो.

हा 'ल' आला कुठून? 'केला', 'गेला' यातला भूतकाळी 'ल' प्राकृतातल्या 'इल्ल' प्रत्ययातून आला, याबद्दल फारसा वाद नाही. भविष्यकाळी 'ल'बद्दल मात्र एकमत झालेलं नाही. फ्रेंच अभ्यासक ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर 1920 साली ग्रंथ प्रसिद्ध केला; वा. गो. परांजपे यांच्या अनुवादामुळे तो मराठीतही आला. तिथपासून आजवर या 'ल'वर तर्कच चालू आहेत. एवढं खरं की तो एकटा मराठीचा नाही. मारवाडीत तो आहे, नेपाळीतही 'होला', 'गर्ला' आहे. हिंदीने त्याच जागी 'गा' लावला, म्हणजे 'गेलेला'. म्हणून हिंदीचा भविष्यकाळ स्त्री-पुरुष ओळखतो, करेगा-करेगी, आणि मराठी 'करील'ला लिंगाशी कर्तव्य नाही.

'ल' लागल्यावर बिन'ल'च्या 'करी'चं काय झालं? वर्तमानकाळासाठी 'करतो', 'करते' ही नवी रूपं पुढे आली आणि जुना 'करी' मागे ढकलला गेला, तो थेट भूतकाळात. 'आजी रोज गोष्ट सांगे', 'ते पहाटे स्नानाला जात' : शाळेत याला रीतिभूतकाळ म्हणतात. एकेकाळी जो आज होता, तो आता आजीच्या आठवणींत उरला. त्याचा वर्तमानकाळी जीव पाहायचा असेल तर म्हणींकडे जावं. 'दाम करी काम', 'देव तारी त्याला कोण मारी' : इथे करी म्हणजे करतो, तारी म्हणजे तारतो. आणि 'असतील शिते तर जमतील भुते', 'गर्जेल तो पडेल काय' यांत रूपं भविष्यकाळाची असली तरी अर्थ सदासर्वकाळचा आहे. त्र्यंबकच्या बाजारात शितांची आणि भुतांची ही म्हण कुठेही फिट्ट बसते, पण ते सोडा.

व्याकरणाच्या पुस्तकांत हा काळ कसा शिरला, तेही थोडक्यात पाहू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिणारा तो हाच. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 21 वर्षांनी, 1640 मध्ये, राचोलला छापलं गेलं. पुस्तकाची भाषा पोर्तुगीज, म्हणजे 'गायचं आहे'चं 'गाईन' केलेल्या घराण्यातली. आणि त्यातून शिकवायची कोकणी, 'करी'चं 'करीन' केलेल्या घराण्यातली. दोन वळसे तिथे समोरासमोर आले. मग 1805 मध्ये सेरामपूरहून विल्यम केरीचं मराठी व्याकरण आलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं. दादोबा तेव्हा 22 वर्षांचे होते. पुढे 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. दामल्यांच्या ग्रंथात रूपांना प्रत्ययावरून पडलेली नावं भेटतात : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. 'भविष्यकाळ' हा अर्थ झाला, 'ईल' हे रूप झालं, आणि एका रूपाला एकच अर्थ असेल याची खात्री नाही. शालेय पुस्तकांनी ही नावं अवघड म्हणून गाळली आणि भूत-वर्तमान-भविष्य असे तीन सोपे डबे ठेवले. मला ते नुकसान वाटतं, कारण 'ईल' त्या डब्यात आता मावतच नाही.

'तो येईल' असं आपण कधी म्हणतो? बहुधा, जेव्हा तो येईलच याची खात्री नसते. खात्री असेल तर 'तो येणार आहे' म्हणतो. 'तीन वाजले असतील', 'दार वाजलं, कोण असेल?' : यात भविष्य कुठे आहे? तीन वाजून गेलेले आहेत, दाराशी माणूस उभा आहे. रूप भविष्याचं, अर्थ अंदाजाचा. कोकणीत तर ही फारकत पूर्ण झाली आहे : नक्की करायचं ते 'करतलों', आणि 'करीन' म्हणजे कदाचित करीन. आणि स्पॅनिश? तिथेही तेच. 'सेरान लास त्रेस' हे 'असणे'च्या भविष्यकाळातलं वाक्य, अर्थ 'तीन वाजले असतील'. ठरलेल्या बेतासाठी स्पॅनिश माणूस आता 'बोइ आ आब्लार' म्हणतो, शब्दशः 'बोलायला जातोय'. लॅटिन अमेरिकेच्या रोजच्या बोलण्यात तर हेच जास्त. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जो वळसा नवा होता तो म्हातारा होऊन अंदाज वर्तवत बसला आहे, आणि कामाची जबाबदारी पुढच्या पिढीच्या वळशावर आली आहे.

मराठीत ती पिढी म्हणजे 'णार'. 'मी करणार' यातला 'करणार' हा मुळात करणारा माणूस. काम करणारा, स्वयंपाक करणारी, त्यातलाच. 'मी करणारा आहे' यावरून 'मी करणार आहे'. इथे मला संस्कृतची आठवण होते, ती 'करिष्ये'ची नव्हे, त्याच्या कमी ऐकू येणाऱ्या भावाची. संस्कृतात भविष्यकाळ दोन आहेत. पाणिनीने एकाला लृट् म्हटलं, तो 'करिष्यति'. दुसऱ्याला लुट्, तो आज सोडून पुढच्या दिवसांसाठी. त्याची रूपं पाहा : कर्ता, कर्तारौ, कर्तारः, आणि 'मी' असेल तर कर्तास्मि, म्हणजे कर्ता अस्मि, 'मी करणारा आहे'. पाणिनीच्या काळी जी युक्ती भाषेने केली, तीच मराठीने कोणाला न विचारता पुन्हा केली. मधे 'तृ' झिजून गेला, त्याच्या जागी 'णार' आला, सांगाडा तोच. 'आज नाही, पुढे' ही लुट्ची छटासुद्धा 'करणार'मधून पूर्ण गेलेली नाही. 'आत्ता करतो' आणि 'करणार आहे' यांत अंतर किती, हे घरातल्या कुठल्याही मुलाला विचारावं.

त्र्यंबकात या तिन्हींच्या कामाची वाटणी कशी झाली आहे, ते ऐकण्यासारखं आहे. सिंहस्थ आला की सगळीकडे 'णार' : रस्ता रुंद होणार, घाट वाढणार, 2027 च्या पर्वणीला अमुक गाड्या सुटणार. सरकारी निवेदनाला 'होईल' परवडत नाही, त्यात शंका डोकावते. पत्रिका पाहणारे मात्र दोन्ही टाळतात. ते 'योग आहे' म्हणतात, वर्तमानकाळात, म्हणजे पुढे काही झालं नाही तरी योग तर होताच. आणि 'ईन'ला शेवटचं मानाचं घर मिळालं आहे ते नवसात. 'मुलगी पास झाली तर पायी येईन', 'अभिषेक करीन', 'पेढे वाटीन'. इथे कोणी 'करणार आहे' म्हणत नाही. देवापुढे बेत सांगून चालत नाही, शब्द द्यावा लागतो, आणि शब्द द्यायला मराठीकडे अजून तरी 'ईन'च आहे. पण नवसाला 'जर' असतो. संकल्पाला नसतो, तिथे उदक सोडलं की सुटका नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नामावळी लिहिलेली असते, अमुक साली अमुक आले. तिथे मात्र सगळा भूतकाळ.

'ईल'च्या अंगावर आणखी एक घडामोड चालू आहे. जुन्या मराठीत 'ई' आणि 'ए' असे दोन गट होते. सकर्मक धातूंना 'ई' : करी, मारी, म्हणून करील, मारील. अकर्मकांना 'ए' : बसे, उठे, म्हणून बसेल, उठेल. गेल्या काही पिढ्यांत 'ए'ने 'ई'ला खाल्लं. 'करेल', 'मारेल', 'करेन' आता छापूनही येतं, आणि 'करील' लिहिणारा माणूस जुन्या वळणाचा ठरतो. मी अजून 'करील' लिहितो, पण बोलताना तोंडातून 'करेल'च येतं.

आणि ज्यावर पुण्यात भुवया उंचावतात ते 'मी येईल', 'मी सांगेल'. नाशिक-नगरपासून खानदेश, मराठवाडा, विदर्भापर्यंत हे सर्रास चालतं. चूक म्हणून दुरुस्त करणारे पुष्कळ भेटतात, पण रूपावळीकडे पाहिलं तर काय झालं आहे? त्या जुन्या अनुस्वाराने 'ल'चा 'न' केला होता. अनुस्वार केव्हाच गेला, 'न' तेवढा अडून बसला होता. आता तोही निघाला आणि 'ल'ने आपली जागा परत घेतली. राहता राहिलं 'आम्ही करू'. नियमितपणाच्या दृष्टीने हे चांगलंच म्हणायचं. तोटा एवढाच की स्पॅनिश माणसाचं 'आब्लारे' एवढ्यावर भागतं, 'मी' म्हणावं लागत नाही, तसं आपलंही 'येईन' एवढ्यावर भागायचं. 'येईल'चं तसं नाही. "उद्या सकाळी येईल, अभिषेकाची तयारी ठेवा," असा निरोप फोनवर आला की गुरुजींना उलटा फोन करावा लागतो : कोण, तुम्ही येणार की वडील?